तुमचे हात कोरडे होते

वन्सं, तुम्ही गेलात आणि चार दिवसांत लोकांनी तुम्हाला संत करून टाकलं. येईल तो ओटीवर बसतो, चहा घेतो आणि सांगतो, हिराआत्या म्हणजे नुसती माया, हिराआत्या म्हणजे लोणी. मी मान डोलावते. लोणी म्हणे. ताकात मीठ कमी पडलं म्हणून आठवडाभर माझ्याशी अबोला धरणाऱ्या तुम्ही. पण हे मी कोणाला सांगत नाही. सुतकात भेटायला येणारी माणसं खरं ऐकायला आलेली नसतात. म्हणून तुम्हालाच सांगत बसलेय. एरवी मी तोंड उघडलं की तुम्ही उठून मोरीकडे जायचात. आता कुठे जाणार?

मला रडू कमी येतंय आणि राग जास्त. आपलं भांडण अर्धं टाकून गेलात. ते भांडण काय होतं हे पोरांनाही नीट माहीत नाही. त्यांना वाटतं दोन म्हाताऱ्या सवयीने कुरकुरतात. माझी पाच बाळंतपणं याच घरात झाली, आणि पाचांपैकी एकही पोर तान्हं असताना तुम्ही मांडीवर घेतलं नाहीत. मी पोर पुढे करायचे आणि तुम्ही हात मागे घ्यायचात. "हात ओले आहेत गं." भर उन्हाळ्यात, विहिरीने तळ गाठलेला असताना, घरात प्यायला पाणी नसताना तुमचे हात ओले.

आणि मला माहीत होतं, वन्सं, की तुम्हाला पोर घेता येतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदाच पाहिलं, अंबरनाथच्या प्रदर्शनात, आणि तेही दाढी लावून.

त्या वर्षी मी नवी नवरी होते, सतरा-अठराची, आणि अक्कल वयाहून बरीच लहान. नाताळच्या तोंडावर ख्रिस्ती लोकांनी अंबरनाथला त्यांच्या शाळेच्या मैदानात मोठं प्रदर्शन भरवलं होतं. आपल्या खळ्यातून त्यांनी पेंढ्याचे भारे मागवले. त्यांचा देव गोठ्यात जन्मला, त्याचा देखावा उभा करायचा होता. कुळगावात यावर पुष्कळ बोलणं झालं. देव गोठ्यात जन्मला याचं कोणाला काही वाटलं नाही. पेंढा विकत घेतात, याचं मात्र सगळ्यांना नवल वाटलं.

तुमचा भाऊ गाडी घेऊन निघाला. भारे उतरवायला तुम्ही, आणि रडून, रुसून, अर्धी भाकरी टाकून मी. सासूबाईंनी मला बजावलं की तिथलं काही तोंडात घालायचं नाही, नाहीतर बाटशील. तुम्हाला त्या काही बोलल्या नाहीत. स्वतःच्या लेकीशी त्या कामापुरतंच बोलत.

तुमची हकिगत तोवर मला तुकड्यातुकड्यांनी कळली होती. तुम्हाला वांगणीकडे दिलं होतं. दोन बाळंतपणं, आणि दोन्ही पोरं पाचवी पुजायच्या आत गेलेली. दुसरं गेल्यावर सासरच्यांनी तुम्हाला गाठोड्यासकट आणून दारात उतरवलं आणि जाताना म्हणाले, हिची मांडी वाईट आहे. तेवढं एक वाक्य गावभर झालं. मग कुठे पाचवी असो, बारसं असो, सासूबाई तुम्हाला मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाशी बसवायच्या. एखादी नवखी बाई कौतुकाने पोर तुमच्यापुढे धरायची, तेव्हा सासूबाई लांबूनच म्हणायच्या, "तिचे हात ओले हायत गो, बाय." इतक्या गोड आवाजात म्हणायच्या, की मला ती माया वाटायची. लेकीला किती जपतात, पोराचं ओझंसुद्धा उचलू देत नाहीत. बघा माझी अक्कल.

प्रदर्शनाच्या दारातच एक गोरी मडमबाई बिस्किटं वाटत होती. मी घेतलं, हातात धरून घाबरले, आणि मग खाऊन टाकलं. खाल्ल्यावर थांबून राहिले, बाटल्यावर आत काहीतरी होत असेल म्हणून. काहीच झालं नाही. मला वाटलं, एकाने होत नसेल, म्हणून दुसरं घेतलं. तुम्ही भारा डोक्यावर घेऊन मागून येत होतात. म्हणालात, "आता बाटलीच आहेस तर माझ्यासाठी पण एक आण." त्या काळात तुम्ही असं बोलायचात. मी विसरलेले नाही. तुम्ही विसरलात.

एका तंबूत त्यांचं पवित्र शहर मातीचं केलं होतं, भिंती, दरवाजे, डोंगर सगळं. मी विचारलं की बाया पाण्याला कुठे जातात. दुसऱ्यात अनाथ मुलींनी विणलेल्या जाळ्या, तिसऱ्यात गाणारं यंत्र. त्याच्या भोंग्यात मी डोकं घालून पाहिलं, आत बाई आहे का. बाहेर लाकडाचा मोठा उंट उभा केला होता, त्याच्या मी पाया पडले. तुम्ही माझी वेणी धरून मला उठवलंत. "देव तिकडे आहे, येडे. हे त्याच्या पाहुण्यांचं जनावर."

मग गोठ्याचा तंबू. तिथे रूथबाई म्हणून त्यांच्या शाळेतल्या मास्तरीण होत्या, पांढऱ्या पातळातल्या, घाईगर्दीने घाम फुटलेल्या. मातीच्या बाहुल्यांचा देखावा नव्हता तो. खरी माणसं उभी करायची होती आणि गव्हाणीपाशी खरं तान्हं ठेवायचं होतं. कारखान्यातल्या एका फिटरची बायको, मार्थाबाई, आपलं पोर घेऊन आली होती. शमुवेल नाव त्याचं, तीन-चार महिन्यांचा, काळाभोर, गुबगुबीत. त्या देवाची आई व्हायला शाळेतली एक पोरगी निळं लुगडं नेसवून बसवलेली, पण तिने पोर असं ताठ धरलं होतं की जणू तापलेलं पातेलं. पोराने तंबू डोक्यावर घेतला. रूथबाई दुसरी पोरगी आणायच्या, मग तिसरी. शमुवेल कोणाचं ऐकेना.

तुम्ही पेंढा पसरत होतात. ऐकत होतात. मी तुमच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. तुमचे हात आपोआप त्या पोराकडे गेले, आणि मध्येच थांबले. तसेच हवेत. मग तुम्ही ते मागे घेऊन लुगड्याला पुसलेत, कोरडेच हात.

मार्थाबाईनेही ते पाहिलं. पोर उचललं आणि तुमच्या हातांत दिलं, जसं कोणी तांब्या हातात देतं.

शमुवेल गप्प झाला.

त्यानंतर रूथबाई काही तुम्हाला सोडेनात. निळं लुगडं तुमच्यावर आलं, पदर कपाळाच्या खाली. मी हट्ट धरला की मला पण काहीतरी करा. मेंढपाळांत एक जागा रिकामी होती. मला घोंगडी दिली, काठी दिली आणि सुतळीची दाढी बांधली. अंगाची हळद अजून पुरती उतरलेली नाही, अशी नवी नवरी दाढी लावून उभी. मला वाटत होतं, सगळं प्रदर्शन माझ्याकडेच बघतंय. दाढी नाकात जायची आणि मी शिंकायचे, की तुमचे खांदे हलायचे. तुम्ही हसत होतात. पोर मांडीवर झोपलं होतं आणि तुम्ही आवाज न करता हसत होतात. दुपारभर.

तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी नीट सांगू शकत नाही. मी माझी दाढी सांभाळत होते. आयुष्यात एकदाच बघायची गोष्ट समोर होती आणि ही बावळट सुतळी चघळत होती.

उतरत्या दुपारी गर्दी झाली. निर्वासितांच्या कँपातल्या सिंधी बायका आल्या. त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली, कोणता देव हे न विचारता हात जोडले आणि पुढे गेल्या. त्यांच्या मागोमाग आपल्या आळीतल्या बाया. सकाळी नको नको म्हणणाऱ्या सगळ्या जेवणं उरकून दुसऱ्या गाडीतून आल्या होत्या. त्यांना देखावा म्हणजे काय हे कोण सांगणार? त्यांच्यापुढे एक ओली बाळंतीण गोठ्यात बसली होती, बस्स. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि रूथबाईंना धारेवर धरलं. बाजेखाली शेगडी कुठाय. बाज तरी कुठाय. बाईच्या कानात कापूस नाही, डोक्याला फडकं नाही, आणि हे एवढे दाढीवाले बापे बाळंतिणीच्या खोलीत कशाला घेतलेत. एकीने पिशवीतली हळद-कुंकवाची डबी काढली. एकीने भाजीबरोबर घेतलेला नारळ गव्हाणीपाशी ठेवला. ज्या बायांनी तुम्हाला कधी पोराजवळ फिरकू दिलं नव्हतं, त्या एकेक करून तुमच्या पायांशी वाकत होत्या. पदराआड तोंड कोणी पाहत नव्हतं. तुम्ही पुतळ्यासारख्या बसला होतात. मी हसू दाबायला दाढी दातांत धरली.

मग त्यांच्यातूनच सासूबाई पुढे आल्या.

त्या वाकल्या. दोन्ही हात जोडून, डोकं पेंढ्याला टेकेल इतक्या वाकल्या. ओठांतल्या ओठांत काहीतरी मागितलंही. काय मागितलं असेल, वन्सं? मला अजून वाटतं त्यांनी तुमच्यासाठीच मागितलं. पण हा माझा मोठेपणा झाला. माझी पोरं मोठी झाली, मला नातवंडं झाली, तेव्हा कुठे मी सासूबाईंना इतकं देऊ केलं. त्या दिवशी नाही.

उठताना त्यांची नजर तुमच्या हातांवर गेली. आईने लेकीला हातांवरून ओळखलं. वर तोंड करून पाहिलं, आणि चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं असतं. त्या मागे उभ्या असलेल्या मार्थाबाईकडे वळल्या आणि त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "बाय, पोराला घ्या तुमच्या. तिचे हात ओले हायत."

मार्थाबाई पुढे आली. खाली बसली आणि तुमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चाचपले, बोटं न बोटं. म्हणाली, "कोरडे आहेत की, मावशी."

आणि मी दाढीतून बोलले. कोणी विचारलं नव्हतं. "कोरडेच आहेत. मी सकाळपासून बघतेय."

आळीतल्या बाया दचकल्या. मेंढपाळ बायकी आवाजात का बोलतोय ते त्यांना कळेना. आता वाटतं, त्या क्षणाला तुम्ही गप्प जरी बसला असतात तरी पुरलं असतं. दोन माणसं साक्षीला होती. पोर झोपलेलं होतं. सगळं गाव पायांशी वाकून गेलेलं होतं.

तुम्ही पदर वर केलात, आईकडे पाहिलंत आणि म्हणालात, "नाही. ओले आहेत."

आणि पोर देऊन टाकलंत.

परतीच्या गाडीत सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. माझ्या हनुवटीला सुतळीचे धागे चिकटलेले होते. सासूबाई ते एकेक करून काढत राहिल्या, मला न दुखवता. तुम्ही पाठमोऱ्या बसून मागे सुटणाऱ्या रस्त्याकडे बघत होतात. हात शालीखाली होते. गाव जवळ आलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "काय गं नाव त्याचं?" मी नाव सांगितलं. तुम्ही ते मोठ्याने एकदाही उच्चारलं नाहीत. पुढे कितीतरी दिवस तुमचा भाऊ अंबरनाथहून परतला की तुम्ही गाडीपाशी घुटमळायचात आणि तो न विचारताच सांगायचा, "हाय गो, बरा हाय तो." पहिल्यांदा त्याने पोराकडे न जाताच सांगितलं होतं, हे मला माहीत आहे. नंतर मात्र तो खरंच जाऊन बघून यायचा. शमुवेल जगला. दांडगा झाला. रेल्वेत लागला.

आणि मग माझी पोरं. दोन्ही बाजूंनी बोलते, म्हणजे कोणी मला खोटारडी म्हणायला नको. माझ्या पोरांच्या गोधड्या तुम्ही शिवल्यात. त्यांचा मऊभात तुम्ही घोटलात. गोवर आली तेव्हा उंबऱ्यात रात्री काढल्यात, उंबऱ्यात, आत नाही. पोर चालायला लागलं की ते तुमचं. तुमच्या बोटाला धरून ती शाळेत गेली, नदीवर गेली, मांजर्लीच्या जत्रेला गेली. त्यांना आईपेक्षा आत्या लाडकी. पण मांडी नाही. मांडीपर्यंत येऊन पोरं परत फिरायची, आणि त्यांना त्यात काही उणं वाटायचं नाही. उणं मला वाटायचं. गावाने तुमच्याशी वाईट केलं, आणि तुम्ही ते माझ्या घरात माझ्याशी करत राहिलात. मी तुमची मांडी वाईट म्हटलं होतं का कधी?

तिसऱ्याच्या वेळी मी काय केलं ते आठवतंय? तुम्ही जात्याशी बसला होतात. मी पोर तुमच्या मांडीवर टाकलं आणि घराबाहेर गेले. म्हटलं, बघू किती ओले असतात हात. परत आले तर पोर तुमच्या मांडीवर शांत पडलेलं, आणि तुमचे दोन्ही हात वर, खांद्यांच्या उंचीला, पूर आलेल्या नदीतून चालतात तसे. किती वेळ धरले होते देव जाणे. पोर घसरू नये म्हणून गुडघे उभे केलेले, पण स्पर्श नाही. मी पोर उचललं आणि मला जे तोंडाला आलं ते बोलले. शेवटी म्हणाले, त्या परक्या बाईचं पोर घेऊन दुपारभर बसलात, त्याला काय झालं? जगला ना तो?

तेव्हा तुम्ही आयुष्यात एकदाच उत्तर दिलंत. "त्या वेळी तो त्यांचा देव होता, इंदे. देवाला काय होतंय? तुझी पोरं माणसांची आहेत."

यावर काय बोलायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. आजही सुचत नाही, आणि हाच माझा राग आहे. वाद घालायचा तर समोरच्याने थोडी जागा ठेवावी. तुम्ही दार लावून घेतलंत आणि भांडी घासायला गेलात.

सासूबाई जायच्या आधी मला एकदा म्हणाल्या होत्या, तुम्ही तेव्हा विहिरीवर होतात. म्हणाल्या, "अंबरनाथच्या त्या पोराला दुसऱ्या दिवशी साधा ताप आला असता ना, तरी गावानं तिला भुताळी ठरवली असती. मी आय हाय तिची." म्हणजे भांड्यांपाशी बसवलं तेही जपण्यासाठीच. माझं सतरा वर्षांचं बावळट डोकं तेव्हा बरोबर होतं म्हणायचं, माया होती ती. पण कसली ही माया, वन्सं, जिने माणूस जिवंत ठेवायला त्याचे हातच काढून घेतले. मी हे तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं, आज सांगू, उद्या सांगू. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं, असं मला आता वाटतं. त्या तंबूत आईकडे बघितलंत, तेव्हाच तुम्हाला तिची भीती दिसली असणार. तिला खोटं पाडायला नको म्हणून तुम्ही खोटं बोललात, आणि मग उरलेला जन्म ते खरं करत बसलात.

या पावसाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. थोरल्याच्या नातीला मुलगी झाली, तीही याच घरात आणली. मी मनात म्हटलं, आता बघू. आता ना विहीर, ना भांडी, ना मोरी. तुम्ही उशाशी पाण्याचं भांडं ठेवायला सांगितलंत. मी रोज भरून ठेवायचे. मला वाटलं, तहान. या वयातही माझी अक्कल तेवढीच. मग एकदा पोरीला घेऊन खोलीत येताना दारातूनच दिसलं. पावलांचा आवाज ऐकून तुम्ही बोटं भांड्यात बुडवलीत आणि डोळे मिटून पडून राहिलात.

मी पोरीला घेऊन तशीच मागे फिरले. भांडं मात्र दुसऱ्या दिवशीही भरून ठेवलं. असं का केलं, विचारू नका. तुम्ही तरी कुठे सगळं सांगितलंत.

त्या दिवशी तुम्हाला शेवटची आंघोळ घातली. बाया घाई करत होत्या, दारात गाडी आली होती. अंग पुसून झालं, नवं लुगडं नेसवलं, कुंकवाचं बोट कोणी लावायचं यावर कुजबुज झाली, आणि तुमचे हात तसेच राहिले होते, पाण्याने निथळत. मी सगळ्यांना थांबवलं. पदर घेतला आणि पुसायला बसले. तळवे पुसले, बोटांच्या बेचक्या पुसल्या, नखांच्या कडांशी साचलेलं पाणी पुसलं. सूनबाई म्हणाली, आई, पुरे आता. मी पुरे केलं नाही. मार्थाबाईसारखे दोन्ही हात हातात घेऊन चाचपले, बोटं न बोटं.

कोरडे आहेत, वन्सं. आता बोला.